पोरगं नेमकं कुठं अडलंय? सोलापुरातल्या स्वयंसेवकांसाठी कामाची पद्धत

जुलै संपत आला होता. अशोक चौकाजवळच्या गल्लीतला एक मुलगा आमच्या संध्याकाळच्या बैठकीला आला, तेव्हा अकरावीच्या दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या. दहावीला ६४ टक्के. घरून विरोध नाही, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. मग प्रवेश का नाही? तर ओटीपी वडिलांच्या नंबरवर जात होता आणि ते सिम रिचार्जअभावी कधीच बंद पडलं होतं. शाळेत निकालानंतर पाहुणे बोलावून जिद्द-चिकाटीवर भाषण झालं होतं. सिमचं कुणी विचारलं नव्हतं. तोवर पोरगं यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला लागलं होतं आणि आठवड्याचे पैसे घरात दिसायला लागले होते.

सिमचा प्रश्न एका दिवसात सुटला. पोरगं कारखान्यातून बाहेर काढायला दीड महिना लागला.

आपल्याकडं मुलं शिक्षणातून आणि चांगल्या कामातून सुटतात ती अशी. एखादी तारीख, एखादा कागद, बसभाड्याचे पैसे, नळाला पाणी यायचा दिवस. स्वयंसेवकानं आधी ही अडण्याची जागा शोधायची आणि मग तिथं उभं राहायचं. खाली लिहिलंय ते आमच्या सात-आठ जणांच्या गटानं चुकत-माकत बसवलेल्या पद्धतीबद्दल. तुमच्या वस्तीत थोडं वेगळं असेल, तर तसं बदलून घ्या.

मुलं किती घ्यायची आणि कुठून

एका स्वयंसेवकामागं तीन मुलं. चौथं घेऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहात एकेकानं दहा-बारा मुलं घेतली आणि दिवाळीनंतर निम्म्यांची नावंसुद्धा आठवेनात. मूल घेतलं म्हणजे दहावीच्या जानेवारीपासून ते पुढं कुठंतरी स्थिर होईपर्यंत, साधारण दोन वर्षं. महिन्यातून दोनच तास देता येत असतील तरी तुमचा उपयोग आहे, पण मग मूल घेऊ नका. फॉर्म भरण्याचं किंवा कागद तपासण्याचं टेबल सांभाळा.

ज्या मुलांना खरी गरज आहे ती ‘करिअर मार्गदर्शन शिबिरा’ला येत नाहीत. शिबिराला येतात ती तशीही पुढं जाणारी. आपल्याला हवी ती मुलं दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत परत न आलेल्यांच्या यादीत असतात. वर्गशिक्षकांकडं ही यादी तोंडपाठ असते, फक्त विचारावं लागतं. त्याशिवाय आरोग्य खात्याच्या आशाताई, शाळेचा शिपाई, झेरॉक्सवाला, गॅरेजचा मिस्त्री. नीलम नगर, विडी घरकुल या भागात कोणत्या घरातलं पोरगं कामाला लागलं हे किराणा दुकानदाराला आपल्या आधी कळतं.

कुंभारीच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ ला १५,००० घरांचं लोकार्पण झालं. घर मिळणं ही मोठीच गोष्ट. पण शाळा, शिकवणी, कारखाना सगळं शहरात असलेल्या घरांसाठी रोजच्या ये-जा करण्याचा हिशेबही त्यासोबत आला. तिथलं मूल घेतलंत तर पहिला प्रश्न ‘काय व्हायचंय?’ असा नको, ‘कसा येणार-जाणार?’ असा हवा.

भाषेचं आधीच बघून घ्या. शहराच्या पूर्व भागातलं पोर घरात तेलुगू बोलतं, गल्लीत दख्खनी हिंदी, शाळेत मराठी, आणि पुढच्या प्रवेशाच्या वेबसाइटवर त्याच्यापुढं इंग्रजी येते. गटात किमान एक तेलुगू आणि एक कन्नड बोलणारं माणूस असू द्या. आमच्यातली एक ताई दारातून नुसतं “अम्मा” म्हणते आणि जे बोलणं व्हायला मला तीन भेटी लागतात ते तिचं एका चहात होतं.

घरी जा, पण पाण्याच्या दिवशी नको

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस घागरीमागं असतं. आमच्या वर्गात ठरावीक मुली काही दिवस गायब का होतात हे कळायला आम्हाला चक्क पाच महिने लागले. आता प्रत्येक मुलाच्या वहीत पहिल्या पानावर पाण्याचा दिवस आणि वेळ लिहिलेली असते. सराव परीक्षा त्या दिवशी ठेवत नाही.

घरी गेल्यावर उपदेश नको. एक प्रसंग सांगतो. आई उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, शेजारी दहावीतली मुलगी तेंदूची पानं कापत होती. आमच्या नव्या स्वयंसेवकानं सुरुवात केली, “मावशी, मुलीला शिकवा, शिक्षण फार महत्त्वाचं आहे.” मावशींनी मान डोलावली. हात थांबले नाहीत. मग सोबतच्या ताईंनी विचारलं, “अम्मा, हिचा हात नसेल तर दिवसाच्या विड्या किती कमी होतात?” हात थांबले. हिशेब सुरू झाला. मुलीनं सकाळी सातपासून बारापर्यंत बाहेर राहिलं तर चालेल, पण दुपारनंतर घरी हवी, असं त्या हिशेबातून निघालं. म्हणजे सकाळच्या सत्रातलं कनिष्ठ महाविद्यालय बघायचं, एवढं ठरलं. पंधरा मिनिटांत.

पहिल्या भेटीत जाणून घ्यायच्या गोष्टी फार नाहीत. घरात पैसा कोण आणतं, मुलाच्या कमाईवर काही अवलंबून आहे का, कर्जाचा हप्ता कोणत्या वारी असतो, घरात फोन किती आणि कुणाच्या हातात, मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललंय का. लिहून घ्या, पण त्यांच्यासमोर नको. बाहेर येऊन गाडीवर बसल्यावर.

कागदांची पिशवी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. प्रत्येक मुलाची एक कापडी पिशवी, घरात खिळ्याला अडकवलेली, आत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मूळ कागद. प्रत्येकाचा फोटो काढून डिजिलॉकरमध्ये नाहीतर मुलाच्या ईमेलवर. मूळ कागद स्वयंसेवकानं आपल्या घरी ठेवायचे नाहीत, कितीही विश्वास असला तरी.

आधी नावं जुळवा. आधार, शाळेचं रजिस्टर, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत असते. एका कागदावर ते पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर वडिलांच्या जागी आजोबांचं नाव. जन्मतारखेत एक जून हमखास सापडते, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लिहून टाकलेली असते. या दुरुस्त्या मूल शाळेत असताना, शक्य तर दहावीचा बोर्डाचा फॉर्म जायच्या आत करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला, की तीच दुरुस्ती दहापट किचकट होते.

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो, आणि तिथं सोलापूरची खरी गोम आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवावं लागतं. गिरण्यांच्या आणि मागांच्या ओढीनं तेलंगणातून, कर्नाटकातून आलेल्या घरांत हा पुरावा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, जन्म-मृत्यूच्या नोंदीत, नाहीतर गिरणीच्या जुन्या कागदात दडलेला असतो. आजी हयात असेल तर तिला विचारा, आजोबा कोणत्या शाळेत जात होते. शाळा बंद पडली असली तरी तिचं रजिस्टर कुठंतरी असतं. महानगरपालिकेच्या शाळेचं असेल तर शिक्षण मंडळात चौकशी करा. या शोधाला दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून हे काम शक्य तर नववीतच, आणि मूल नंतर भेटलं तर भेटल्याबरोबर हाती घ्यावं. दाखला मिळाला की जात पडताळणीचं बघा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर ते बारावीच्या निकालाची वाट बघत थांबवू नका.

उत्पन्नाच्या दाखल्याची गंमत उलटी. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. उत्साहानं जानेवारीत काढला तर जूनमध्ये कामाचा राहत नाही. एप्रिल उजाडला की लगेच काढा, सकाळी लवकर जाऊन, कारण सोलापूरचं एप्रिलचं ऊन रांगेत उभं राहण्यासारखं नसतं. आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज दिल्यावर पावती घेतल्याशिवाय हलू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणं हा हक्क आहे, आणि मुदत पावतीच्या तारखेपासून मोजली जाते. मुदत उलटली तर अपील करता येतं. मी दोनदा केलंय, दोन्ही वेळा सुनावणीच्या आधीच दाखला आला.

आणि बँक. मुलाच्या नावावर खातं हवं आणि त्याला आधार ‘सीडिंग’ हवं. इथं निम्मे लोक फसतात. खात्याला आधार जोडलेलं आहे असं बँकेतला माणूस सांगतो, पण शिष्यवृत्ती थेट जमा व्हायला एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत त्या खात्याची नोंद लागते, ती वेगळी. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती बघता येते. तिथं जी बँक दिसेल त्याच खात्यात पैसे येणार. एका मुलीची शिष्यवृत्ती वर्षभर ‘आली नाही’ म्हणून आम्ही भांडत होतो. पैसे लहानपणी शाळेनं काढून दिलेल्या, सगळे विसरलेल्या खात्यात पडून होते.

मोबाइल नंबर आईचा किंवा मुलाचा, बंद न पडणारा. ईमेल आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर, मुलाच्या अक्षरात. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल आणि त्याचाच नंबर टाकून भरलेले फॉर्म आम्ही किती निस्तरले त्याची गणती नाही.

वाट ठरवताना

दहावीत एक-दोन विषय राहिले म्हणजे वर्ष गेलं असं घरी समजतात. ते गेलेलं नसतं. एक किंवा दोन विषयांत नापास मुलाला एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते. निकाल दुपारी लागतो, पुरवणीचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो आणि त्याची मुदत चार दिवसांची असल्यासारखी भुर्रकन जाते. म्हणून निकालाच्या दिवशी स्वयंसेवकानं रजा काढावी. पास झालेल्याकडं पेढे खायला नंतर जा. नापास झालेल्याच्या घरी त्याच संध्याकाळी जा, आणि एकटा बसू देऊ नका.

शाळा आधीच सुटलेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे. पाचवी पास आणि वय १४ पूर्ण असेल तर खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. आपला जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. नोंदणी ऑनलाइन असते, पण कागद आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचं काम नेमून दिलेल्या शाळेमार्फत होतं. ती शाळा आपल्या मुलाकडं ‘बाहेरचा’ म्हणून बघते. तिथं एकदा स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना भेटून या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाटही आहे, विषय निवडायची मोकळीक तिथं जास्त.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून आख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला, म्हणजे आपल्याकडंही. पसंतीक्रम दहापर्यंत देता येतात. मुलं एकच नाव टाकतात, जिथं मित्र जाणार तिथलं. आणखी मोठी चूक म्हणजे पहिली पसंती नुसती टाकायची म्हणून टाकणं. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून एक नंबरला तेच कॉलेज, जिथं मूल खरंच जाऊ शकतं: अंतर, वेळ, फी, सगळं धरून. ‘अनुदानित’ म्हणजे सरकारी पैशावर चालणारं आणि ‘स्वयंअर्थसहाय्यित’ म्हणजे फीवर चालणारं, हा दोन शब्दांतला फरक घरच्यांना समजावून सांगा. फीमध्ये तो हजारोंनी दिसतो.

आता आयटीआय. तिच्याबद्दल माझं मत सरळ आहे: ज्या घरात दोन वर्षांत पैसा यायलाच हवा, तिथं ओढूनताणून अकरावी सायन्स घेण्यापेक्षा विजापूर रोडवरच्या शासकीय आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर शंभर पटींनी बरा. काही ट्रेडना तर दहावी नापासही चालतं. वयाची वरची अट नाही, त्यामुळं विशीतलं, तीन वर्षं गॅरेजमध्ये घालवलेलं पोरगंही बसतं. दोन वर्षांचा ट्रेड झाला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे पुढचं दार बंद होत नाही. हे वाक्य वडिलांना दोनदा सांगा, कारण ‘आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं’ असा समज पक्का असतो. मुलींसाठी फक्त शिवण आणि ब्यूटी पार्लर सुचवायची सवय आपणही सोडायला हवी. सोलापूर गणवेशांच्या शिलाईचं मोठं केंद्र आहे, शिवणकामाला इथं तोटा नाही हे खरं. पण आमच्यातल्या एका मुलीनं वायरमन केलं आणि आता गल्लीतल्या बोर्डांची दुरुस्ती तिच्याकडंच असते.

ट्रेड ठरवण्याआधी मुलाला एक दिवस ते काम करणाऱ्याबरोबर बसवा. होटगी रोडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा अक्कलकोट रोडवर ओळखीचा एखादा सुपरवायझर निघतोच. वेल्डिंगचा धूर आणि उष्णता एक दिवस सोसल्यावर पोर स्वतःच सांगतं, जमेल की नाही.

बारावीनंतर बीबीए-बीसीएला जायचं म्हणणाऱ्यांना एक आठवण. २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे, आणि तिचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आधीच सुटतो. निकालानंतर कॉलेजात जाऊन ‘प्रवेश द्या’ म्हणायचे दिवस गेले.

पैशाचं

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. पहिलीपासून मिळते. अकरावी-बारावीला वर्षाला ३,०००, आयटीआय, पदविका आणि पदवीला ६,०००, इंजिनिअरिंग-वैद्यकीयसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. आई विडी वळते हे नुसतं सांगून भागत नाही, तिचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. ते पेटीत तळाला असतं, जीर्ण झालेलं, फोटो पुसलेलं. ते आधी शोधायला लावा, नसेल तर कामगार मंत्रालयाच्या कल्याण विभागाकडून काढून घ्या. हजारो घरांत विडी वळणाऱ्या या शहरात हा अर्ज फक्त माहिती नसल्यानं राहतो याचा मला दरवर्षी नव्यानं राग येतो.

बाकी राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला आठ लाख. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क आठ लाखांच्या आतल्या घरांना पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सरकारी फेऱ्यांतून झालेला हवा. कॉलेजनं ‘थेट घेतो, कशाला फेऱ्यांच्या भानगडीत पडता’ म्हटलं तर तिथंच थांबा. ती जागा व्यवस्थापन कोट्यातली असू शकते आणि माफी जाते. एकाच वर्षी दोन शिष्यवृत्त्या साधारणपणे चालत नाहीत, बेरीज मांडून मोठी निवडा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी आपण फॉर्म भरून दिला म्हणून मूल दुसऱ्या वर्षी निवांत असतं, तेव्हा फोन आपणच करायचा.

वडील नाहीत, किंवा आई-वडील दोघंही नाहीत, अशी मुलं असतील तर बालसंगोपन योजना विसरू नका. १८ वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, निर्णय बाल कल्याण समितीचा. वेळ लागतो, पण शिकवणीच्या देणगीपेक्षा हे पैसे टिकतात.

शिष्यवृत्ती येते वर्षाच्या शेवटी, फी द्यावी लागते सुरुवातीला. मधल्या खड्ड्यासाठी गटाचा छोटा फिरता निधी ठेवा, चाळीस-पन्नास हजारांचाही पुरतो. स्वयंसेवकानं स्वतःच्या खिशातून उसने द्यायचे नाहीत. दिले की मूल तोंड चुकवायला लागतं आणि पोरगंही जातं, पैसेही जातात.

अभ्यास

शिकवणीबद्दल थोडकंच. दहावीच्या सगळ्या पुस्तकांच्या मागं लागू नका. आधी बघा, मूल मराठी बातमी न अडखळता वाचतं का, भागाकार-टक्केवारी येते का. निम्म्यांना येत नाही. टक्केवारी शिकवायला कारखान्याचा हिशेब घ्या: इतक्या डझन टॉवेलमागं इतकी मजुरी, इतके नग बाद, तर कापले किती? मागावर बसलेलं पोर तोंडी उत्तर देतं, कागदावर तेच मांडायला शिकवायचं एवढंच उरतं. परीक्षेआधी अभ्यासाला जागा लागते. एका खोलीच्या घरात टीव्ही, विड्या आणि धाकटी भावंडं. शाळेचा एक वर्ग संध्याकाळी सात ते दहा उघडा ठेवायला मिळवा, दिवे-पंख्याचं बिल आपण भरा. आमचं सगळ्यात यशस्वी काम तेच असावं.

वेळापत्रकात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा धरा. संक्रांतीच्या आसपास कुणी येत नाही, येऊ नये. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशीही सुट्टी.

कामाची तयारी

मुलाखतीच्या तयारीचे वर्ग घेतात लोक, टाय कसा बांधायचा ते शिकवतात. आपल्या मुलांना टाय लागत नाही. लागतं ते हे: वेळेवर पोचणं, उशीर होणार असेल तर आधी फोन करणं, आणि ‘मला येत नाही, दाखवा’ म्हणता येणं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. गल्लीत ‘काय बे, एवढं येईना व्हय’ ऐकून वाढलेलं पोर न येणारं काम येतं म्हणून सांगतं आणि यंत्र बिघडवतं. आम्ही याची तालीम घेतो. एक जण सुपरवायझर होतो, मुद्दाम घाईत अर्धवट सूचना देतो. मुलानं थांबवून परत विचारायचं. पहिल्यांदा कुणालाच जमत नाही.

आयटीआय झालेल्यांना शिकाऊ उमेदवारी म्हणजे अप्रेंटिसशिप दाखवा. १९६१ च्या कायद्यानं विद्यावेतन ठरलेलं असतं. रेल्वेत शिकाऊ उमेदवारांची निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, लेखी परीक्षा नसते. मध्य रेल्वेच्या भरतीत सोलापूर विभागाच्या जागा असतात, कुर्डुवाडीचा कारखाना त्यातच येतो. वय १५ ते २४. एसटी महामंडळही उमेदवार घेतं. हे पक्क्या नोकरीचं वचन नव्हे, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर वर्ष संपल्यावर मूल आपल्यावर रुसतं.

जो नोकरीसाठी पैसे मागतो तो नोकरी देत नाही. ‘गणवेशाचे’, ‘मेडिकलचे’, ‘अनामत’ कोणत्याही नावानं असोत.

पुण्याचा विषय निघतोच. चाकण, रांजणगावला जाणारं पोर सकाळी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसतं आणि घरचे समजतात, आता पगार सुरू. प्रत्यक्षात पहिला पगार हातात यायला पंचेचाळीस दिवसही लागतात. तोवर खोलीची अनामत, मेस, बस. हा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर मांडा आणि तेवढे पैसे जवळ नसतील तर तारीख पुढं ढकला. एकटं पाठवू नका, आधी गेलेल्या मुलाच्या खोलीवर पहिला महिना राहू द्या. कामावर घेणारी कंपनी कोणती आणि ठेकेदार कोण हे वेगळं लिहून घ्या. पगारपत्रक मागायला शिकवा, त्यात पीएफ कापला जातो का, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर आहे का, पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा आहे का. पहिल्या पगाराची स्लिप आम्ही मुलासोबत बसून ओळ न् ओळ वाचतो.

अवघड प्रसंग

मारामारीत, चोरीत नाव आलेली मुलं आपल्याकडं येतात. त्यांच्या मनात एकच असतं: आता कुठंच घेणार नाहीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार १८ च्या आत घडलेल्या गुन्ह्यामुळं पुढं अपात्रता येत नाही आणि ती नोंदही नष्ट करायची असते. अपवाद १६ वर्षांवरच्या, घोर गुन्ह्यात सज्ञान म्हणून खटला चाललेल्यांचा. हे मुलाला आणि आईला समोर बसवून सांगा. फॉर्मवर काय लिहायचं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला विचारून ठरवा, तिथं फुकट सल्ला मिळतो. आपण वकिली करू नये.

मुलीच्या लग्नाचं ठरतंय असं कळलं आणि ती १८ ची नसेल, तर १०९८ वर कळवा. त्याआधी आई-वडिलांशी बोलून बघा, पण ‘फक्त साखरपुडा आहे’ यावर विश्वास ठेवून आठवडा घालवू नका. मावा-गुटखा, दारू असेल तर ओरडण्यानं सुटत नाही. मूल गप्प-गप्प असेल, मरणाची भाषा बोलत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर त्याच्यासमोर लावून द्या, आणि त्या रात्री घरात कुणीतरी मोठं जागं राहील हे बघा.

आपले नियम

मुलाला एकट्यानं बंद खोलीत भेटायचं नाही. मुलींच्या घरी ताईनंच जायचं, किंवा दोघांनी. मुलांचे फोटो, त्यांच्या घरच्या कहाण्या स्टेटसला लावायच्या नाहीत, देणगीदारासाठीही नाही. एका देणगीदारानं गॅदरिंगमध्ये मुलांना मंचावर बोलावून ‘हा विडी कामगाराचा मुलगा’ अशी ओळख करून दिली होती. त्यातला एक पुन्हा आला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. नवीन स्वयंसेवकाला पहिले तीन महिने जुन्याच्या सोबतीनंच पाठवा.

जमणार नसेल तर मुलाला आधी सांगून थांबा. बदली झाली, लग्न झालं, कंटाळा आला, काहीही असो. न सांगता गायब झालेल्या मोठ्या माणसांची त्यांच्याकडं आधीच मोठी यादी असते.

प्रवेश झाला, नोकरी लागली, त्यानंतर

इथं बहुतेक गट फोटो काढून मोकळे होतात. आमच्या वहीतली गळती बघितली तर बरीचशी तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात आहे. तिसऱ्या आठवड्यात कॉलेजमधलं इंग्रजी अंगावर येतं, नाहीतर सुपरवायझर पहिल्यांदा शिव्या देतो. तिसऱ्या महिन्यात घरी कुणीतरी आजारी पडतं, हप्ता थकतो, आणि ‘चार दिवस कारखान्यात जाऊन येतो’ म्हणून पोरगं जातं ते तिकडंच राहतं. म्हणून वहीत या दोन तारखा प्रवेशाच्या दिवशीच लिहून ठेवा आणि तेव्हा फोन न करता प्रत्यक्ष भेटा. ‘कसं चाललंय?’ विचारलं तर ‘मस्त’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा, डबा कुणासोबत खातोस? एकट्यानं खातो म्हणाला, तर पुढच्या आठवड्यात परत जा.

कॉलेजच्या मुलांना भेटायला सकाळी फाटकावर जा. कारखान्यातल्यांना पाळी सुटताना नको, तेव्हा ती दमलेली असतात. रविवारी दुपारनंतर, शेंगाचटणी-भाकरी झाल्यावर, गल्लीच्या कट्ट्यावर.